म्हातारपणाची सोय : धर्मादायापासून ठेवीपर्यंत

आपल्या मंडळाच्या सभासदांची यादी दर वर्षी नव्याने टाइप करावी लागते. पत्ते बदलतात, मुलांची नावे वाढतात, काही कुटुंबे परत गेल्यामुळे गळतात. एक गोष्ट मात्र कधी बदलत नाही. या यादीत साठीच्या बराच पुढे गेलेला सभासद शोधूनही सापडत नाही. गावच्या पारावर, पुण्या-मुंबईच्या सोसायटीतील बाकावर जी माणसे रोज सकाळी दिसतात, ती आपल्या येथील समाजात नाहीतच. आजी-आजोबा येतात ते भेटीच्या व्हिसावर, नातवंडांना चार गोष्टी सांगतात आणि मुदत संपली की परत जातात. आपल्यालाही एक दिवस जायचेच आहे. सौदी अरेबिया हा आपल्यासाठी काम करण्याचा देश आहे, म्हातारे होण्याचा नाही.

त्यामुळे आपल्या प्रत्येक घरात दोन म्हातारपणांचा हिशोब एकाच वेळी चालू असतो. एक आईवडिलांचे, जे तिकडे आहे आणि आज आहे. दुसरे आपले स्वतःचे, जे उद्या आहे आणि कोठे असेल ते ठरलेले नाही. या विषयावर घरी बोलणे निघाले की ते बहुधा ‘वृद्धाश्रम’ या शब्दापाशी अडते आणि तेथेच संपते. हा शब्द आपल्याला इतका का बोचतो, आणि वृद्धांची सोय करणारी घरे आज कोठपर्यंत येऊन पोहोचली आहेत, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहू.

निराधारांची घरे

‘पूर्वी एकत्र कुटुंब होते, म्हणून प्रश्नच नव्हता’ असे आपण सहज म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातील सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. हा आकडा मुख्यतः बालमृत्यूंमुळे इतका खाली होता हे खरे, पण ऐंशी ओलांडलेली माणसे घरोघरी नव्हती हेही तितकेच खरे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या वरचे सुमारे १० कोटी ३८ लाख लोक मोजले गेले. हे प्रमाण देशात ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. एकत्र कुटुंबाने जे ओझे पेलले ते आजच्या मानाने थोड्या माणसांचे आणि थोड्या वर्षांचे होते.

शिवाय ज्यांना कुटुंबच नव्हते त्यांचे काय? मूलबाळ नसलेली विधवा पंढरपूरला किंवा काशीला जाऊन राही आणि कोणाच्या तरी दानावर दिवस काढी. गावात पांगळा म्हातारा देवळाच्या ओवरीत पडून असे. अशा माणसांसाठी महाराष्ट्रात उभ्या राहिलेल्या सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक पुण्यात आहे. १८६० च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अनाथ, पंगू आणि वृद्धांसाठी हे घर निघाले. नव्या पेठेतील ही संस्था आज ‘निवारा’ या नावाने ओळखली जाते. ससून हे बगदादचे ज्यू व्यापारी. तेथील छळामुळे ते मुंबईस आले, व्यापारात वाढले आणि १८६४ मध्ये पुण्यात वारले. पुण्याचे ससून रुग्णालय याच घराण्याच्या दानातून उभे राहिले, हे आपणा सर्वांना माहीत आहे. आपण ज्या अरब प्रदेशात पोट भरायला आलो, त्याच्या शेजारून निघालेल्या एका माणसाने पुण्यातील म्हाताऱ्यांना छप्पर दिले होते, हे येथे बसून वाचताना विशेष वाटते.

दुसरा प्रवाह ख्रिस्ती धर्मभगिनींचा. फ्रान्समध्ये झान जुगाँ या गरीब बाईने १८३९ मध्ये एका अंध वृद्धेला आपल्या घरी आणून स्वतःच्या बिछान्यावर झोपवले. त्यातून ‘लिटिल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा संघ निघाला आणि १८८२ मध्ये त्यांचे घर कलकत्त्यास सुरू झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर १९६३ मध्ये आपल्या शासनाने वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची योजना आणली. तिच्यात ६० वर्षांवरील पुरुष आणि ५५ वर्षांवरील स्त्रिया येत. मात्र अट एक होती : माणूस निराश्रित, निराधार असला पाहिजे.

‘वृद्धाश्रम’ हा शब्द का बोचतो याचे उत्तर येथेच आहे. शंभर वर्षे या घरांचे दार ज्याला कोणी नाही त्याच्यासाठीच उघडत होते. साहजिकच ज्याचा मुलगा जिवंत आहे अशा माणसाने त्या दारात जाणे म्हणजे मुलगा असून नसल्यासारखा, असा अर्थ लोकांनी लावला. तो अर्थ त्या काळच्या घरांना लागू होता. आजच्या सर्वच घरांना तो लागू होत नाही.

पेन्शन आणि पेन्शनर

दुसरी गोष्ट पैशाची. म्हातारपणी दरमहा ठरावीक रक्कम मिळावी ही कल्पना जुनी नाही. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८९ मध्ये कामगारांसाठी वार्धक्य विम्याचा कायदा झाला. तेव्हा वयाची अट ७० होती. ती ६५ वर आली १९१६ मध्ये. ब्रिटनने १९०८ मध्ये कायदा केला आणि सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत देण्यास सुरुवात केली. आपल्याकडे इंग्रज सरकारने फौजेतील आणि कचेरीतील नोकरांना पेन्शन दिली. पुणे हे ‘पेन्शनरांचे गाव’ झाले ते त्यातूनच. हवा चांगली, भाडे बेताचे, संध्याकाळी फिरायला बाग आणि दर महिन्याला मनिऑर्डरीसारखी येणारी रक्कम. सदाशिव पेठेतील पेन्शनर हा मराठी विनोदाचा विषय झाला खरा, पण तो म्हातारा कोणापुढे हात पसरत नव्हता. सुनेच्या घरातही त्याच्या शब्दाला वजन होते, कारण महिन्याच्या वाण्याच्या बिलात त्याचा वाटा असे.

खाजगी नोकरांसाठी १९५२ मध्ये भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या पी.एफ.चा कायदा झाला. त्याला पेन्शनची भक्कम जोड मिळाली ती १९९५ मध्ये. तीही इतकी लहान की २०१४ मध्ये किमान रक्कम दरमहा १,००० रुपये ठरवावी लागली. पुढे सरकारनेही हात आखडता घेतला. १ जानेवारी २००४ पासून लागलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना (फौज सोडून) आणि १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या महाराष्ट्राच्या कर्मचाऱ्यांना जुन्या पद्धतीची ठरावीक पेन्शन राहिली नाही. केंद्राने हमीच्या पेन्शनचा पर्याय पुन्हा आणला तो २०२५ मध्ये. थोडक्यात, आपल्या वडिलांच्या पिढीला मिळालेली पेन्शन ही इतिहासातील थोड्या वर्षांची आणि थोड्या लोकांची गोष्ट होती.

पेन्शनीने एक नवाच म्हातारा घडवला. त्याच्यापाशी पैसा आहे, स्वतःचा फ्लॅट आहे, पण रात्री पाण्याचा पेला आणून देणारे कोणी नाही. मुले १९६० नंतर अमेरिकेस आणि १९७० नंतर आखातात जाऊ लागली. जुबेल आणि यान्बू येथील औद्योगिक शहरांसाठी येथे रॉयल कमिशन स्थापन झाले ते १९७५ मध्ये. त्या उभारणीसाठी जे मराठी इंजिनिअर, फिटर, केमिस्ट पंचविशीत आले, ते आज सत्तरी ओलांडून परत गेलेले आहेत. जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ हे नाटक त्याच १९७० च्या दशकातले. मुले दूर असलेल्या एका वृद्ध जोडप्याची ती गोष्ट आहे. तेव्हा प्रेक्षक ती दुसऱ्याची म्हणून पाहत असत. आज आपण त्या नाटकातले दूर असलेले मूल आहोत.

१९९५ चे वळण

एखाद्या गोष्टीचा काळ आला की ती चारी बाजूंनी येते. १९९५ हे तसे साल होते. १५ ऑगस्टला केंद्राने गरीब वृद्धांसाठी राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शन सुरू केली. नोव्हेंबरमध्ये वर सांगितलेली पी.एफ.ची पेन्शन आली. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने जिल्ह्याजिल्ह्यांत ‘मातोश्री वृद्धाश्रम’ काढण्याची योजना जाहीर केली. तिच्यात निराधारांबरोबर पैसे भरून राहणाऱ्यांचीही सोय ठेवली होती. मुंबईत शीलू श्रीनिवासन यांनी ‘डिग्निटी फाउंडेशन’ स्थापन केले तेही १९९५ मध्येच. आणि दूर जर्मनीत त्याच वर्षी शुश्रूषा विमा सुरू झाला, म्हणजे म्हातारपणी अंथरुणाला खिळल्यास होणाऱ्या खर्चासाठी सक्तीचा विमा. जपानने तसाच विमा २००० मध्ये आणला.

पैसे भरून राहणारा वृद्ध आला तसा धर्मादायाच्या जागी व्यवसाय आला. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने १ जानेवारी १९६० रोजी ‘सन सिटी’ हे फक्त निवृत्तांचे गाव विक्रीस उघडले होते. आपल्याकडे ही कल्पना चाळीस वर्षांनी पोहोचली. या शतकाच्या सुरुवातीस पुण्यात परांजपे स्कीम्सची ‘अथश्री’ संकुले उभी राहू लागली आणि डिग्निटी फाउंडेशनची वसाहत माथेरानच्या पायथ्याशी नेरळला झाली. नावे पाहा. ‘आश्रम’ हा शब्दच गेला. ‘अथश्री’ म्हणजे तर पोथीची सुरुवात.

या व्यवसायाची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण जाहिरातीत सगळे एकाच रंगात दिसते. पहिला प्रकार हिंडत्याफिरत्या माणसांचा : स्वतःचा फ्लॅट विकत किंवा ठेव भरून घ्यायचा, सामाईक भोजनगृह, न घसरणाऱ्या फरशा, न्हाणीघरात धरायला दांडे, घंटी दाबली की येणारा माणूस. दुसरा प्रकार आंघोळ, कपडे, औषधे यांना मदत लागणाऱ्यांचा. तिसरा अंथरुणावर असलेल्यांचा आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांचा. पहिला प्रकार हा मुख्यतः बांधकामाचा धंदा आहे. त्यात पैसा आहे, म्हणून त्याची संकुले पुष्कळ. दुसरा आणि तिसरा हा माणसांचा धंदा आहे. एका अंथरुणावरील रुग्णाला चोवीस तास सांभाळायचे तर दोन पाळ्यांना दोन माणसे, सुट्टीला तिसरे. ही मजुरी दर महिन्याला जाते आणि दर वर्षी वाढते. त्यामुळे नेमकी जिथे गरज सर्वांत जास्त, तिथेच चांगल्या जागा सर्वांत कमी आहेत.

हे काम करते कोण? शहरात ब्यूरोमार्फत येणाऱ्या मावशी आणि मामा. बारा तासांची पाळी किंवा चोवीस तासांची. त्यांतील कितीतरी जण मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून पोटासाठी आलेले असतात आणि त्यांचे स्वतःचे आईवडील गावी एकटे असतात. म्हणजे आपली आणि त्यांची गोष्ट एकच आहे, अंतर तेवढे वेगळे. आपण येथे दुसऱ्याचे कारखाने चालवतो, त्या आपल्या आईला उठवून बसवतात. कुशीवर कसे वळवावे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करावे, घशात अडकणार नाही असे कसे भरवावे, याचे शिक्षण त्यांतील फार थोड्यांना मिळालेले असते. ब्यूरोला आपण देतो त्यातील त्यांच्या हातात किती पडते, हे आपल्यापैकी कितीजण विचारतात?

कायदा काय म्हणतो

२००७ मध्ये संसदेने आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा केला. स्वतःच्या मिळकतीतून गुजराण न करू शकणारे आईवडील मुलांकडून निर्वाह मागू शकतात. त्यासाठी प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचे न्यायाधिकरण असते आणि वकिलाची गरज नसते. दरमहा कमाल मर्यादा १०,००० रुपये ठेवली आहे. सांभाळण्याच्या अटीवर मुलाच्या नावे केलेले घर, त्याने सांभाळले नाही तर परत मागता येते. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० गरीब वृद्धांसाठी एक घर काढण्याची तरतूदही त्यात आहे.

या कायद्याच्या पहिल्याच कलमातील एक वाक्य आपण येथे नीट वाचले पाहिजे. हा कायदा भारताबाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. मुलगा दम्मामला आहे म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही.

निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी केंद्राने २०१९ मध्ये आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि महारेराने २०२४ मध्ये महाराष्ट्रातील अशा प्रकल्पांसाठी निकष ठरवले : लिफ्ट, दरवाजांची रुंदी, चाकाच्या खुर्चीसाठी उतार, न्हाणीघर वगैरे. ही चांगली गोष्ट आहे. मात्र दरवाजा किती रुंद हे मोजता येते, त्यातून आत येणारी मावशी किती शिकलेली हे त्या निकषांत मोजले जात नाही.

येथील स्थिती

आता आपण राहतो त्या देशाकडे वळू. येथेही वृद्धांची खरी जागा घरातच मानली जाते. ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी वक्फची परंपरा होती. एखादी इमारत किंवा दुकाने धर्मार्थ बांधून ठेवायची आणि त्यांच्या भाड्यातून ‘रिबात’ चालवायचा. मक्का, मदिना आणि जुन्या जेद्दात अशा रिबातांमध्ये यात्रेकरू राहत, तशाच गरीब विधवाही. मक्केत हैदराबादच्या निजामाचा रुबात आहे. जुन्या हैदराबाद संस्थानातील हज यात्रेकरूंची तेथे सोय होते, आणि त्यात आपला मराठवाडाही येतो. आज शासनाची वृद्धांसाठी सामाजिक देखभाल गृहे आहेत. २०२२ मध्ये वृद्धांच्या हक्कांचा व काळजीचा कायदाही झाला. वृद्धाच्या संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या निर्णयाशिवाय त्याला अशा गृहात ठेवता येत नाही, हे त्यातील तत्त्व कोणत्याही देशाने घ्यावे असे आहे.

परंतु ही व्यवस्था येथील नागरिकांसाठी आहे. सामाजिक विमा संस्थेच्या, म्हणजे ‘गोसी’च्या, पेन्शन शाखेतून परदेशी कामगारांना १९८० च्या दशकातच वगळण्यात आले. आपल्यासाठी मालक २ टक्के भरतो तो कामावरील अपघात व व्यावसायिक आजार यांच्यासाठी. आपल्या हाती येते ती नोकरी संपल्यावरची एकरकमी रक्कम. नियम सोपा आहे : पहिल्या पाच वर्षांना प्रत्येकी अर्ध्या महिन्याचा आणि पुढील प्रत्येक वर्षाला एका महिन्याचा पगार. म्हणजे वीस वर्षे नोकरी केली तर अडीच अधिक पंधरा, एकूण साडेसतरा महिन्यांचा पगार. शेवटचा पगार १२,००० रियाल असेल तर २,१०,००० रियाल. ऐकायला मोठी वाटते. पण साठीनंतर माणूस आणखी वीस वर्षे जगला तर ते २४० महिने होतात. साडेसतरा महिन्यांच्या पगाराला २४० ने भागा म्हणजे कळेल.

त्यातून २०१७ पासून आश्रितांवर दरमहा शुल्क सुरू झाले. दर माणशी १०० रियालपासून सुरू होऊन ते २०२० मध्ये ४०० वर गेले. पत्नी आणि दोन मुले असतील तर वर्षाला १४,४०० रियाल. अनेकांनी कुटुंब परत पाठवले ते याच काळात. २०१९ मध्ये कायम वास्तव्याचा विशेष परवाना निघाला. तेव्हा त्याची किंमत ८ लाख रियाल होती. तो मार्ग आपल्यातील फार थोड्यांचा.

भारत सरकारने आखातातील कमी शिकलेल्या कामगारांसाठी २०१२ मध्ये महात्मा गांधी प्रवासी सुरक्षा योजना काढली. ती काही वर्षांतच बंद झाली. केरळने मात्र २००८ मध्ये कायदा करून परदेशस्थ केरळीयांचा कल्याण निधी उभारला. सभासदाने दरमहा थोडी वर्गणी भरायची आणि साठीनंतर पेन्शन घ्यायची. आपले मल्याळी शेजारी हे काम संघटना करून, आपल्या सरकारच्या मागे लागून मिळवतात. मराठी माणूस मुंबईतील फ्लॅट घेतला की निश्चिंत होतो.

काय करता येईल

इतिहासाचा अर्थ आम्ही असा लावतो. म्हातारपण सांभाळण्याचे वचन तिघांनी दिले : कुटुंबाने, सरकारने आणि नोकरी देणाऱ्याने. चौथा व्यापारी आता आला आहे. आखातातील आपल्याला पहिले वचन अर्धे आहे, दुसरे व तिसरे जवळजवळ नाही, म्हणून चौथ्याकडे आपण इतरांपेक्षा लवकर जाणार आहोत. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाज वाटायची तर ती न पाहता जाण्याची वाटावी.

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे. बाटलीवरच्या लेबलवर भरवसा न ठेवता आत काय आहे ते तपासण्याची आम्हाला सवय आहे. आईवडिलांसाठी किंवा स्वतःसाठी जागा पाहताना पुढील गोष्टी विचाराव्यात. ठेव परत मिळते का, केव्हा, आणि दोघांपैकी एक गेल्यास काय? मासिक आकार दर वर्षी किती वाढतो, आणि हे करारात लिहिले आहे का? माणूस अंथरुणाला खिळला किंवा विसरू लागला तर येथेच ठेवतात की घेऊन जायला सांगतात? रात्रपाळीला किती माणसांमागे किती सेवक असतात? जवळचे रुग्णालय कोणते? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, न कळवता, जेवणाच्या वेळी जाऊन पाहावे. स्वतःला जमत नसेल तर भावाला, मित्राला पाठवावे. आणि ज्यांना राहायचे आहे त्यांना आधी विचारावे. निर्णय सुट्टीतल्या शेवटच्या तीन दिवसांत, परतीचे तिकीट हातात असताना घेऊ नये.

पैशाबाबत एवढेच. अनिवासी भारतीयांना राष्ट्रीय पेन्शन योजनेत खाते काढता येते. ज्येष्ठ नागरिक बचत योजना मात्र कायमचे परत गेल्यावरच मिळते. आरोग्य विमा साठीनंतर महाग आणि अवघड होतो, तो येथे असतानाच भारतात सुरू ठेवावा. पस्तिशीत बाजूला टाकलेले शंभर रियाल पंचावन्नाव्या वर्षी टाकलेल्या शंभरांपेक्षा कितीतरी पटींनी वाढतात, हे गणित आपल्यापैकी प्रत्येकाला येते.

मंडळातर्फे एक वही सुरू करण्याचे ठरवले आहे. ज्या सभासदांचे आईवडील अशा घरात राहतात, किंवा ज्यांच्या घरी मावशी ठेवलेल्या आहेत, त्यांनी आपला अनुभव एक पानभर लिहून द्यावा : गाव, खर्च, काय बरे, काय वाईट. लिहिणाऱ्याचे नाव छापले जाणार नाही. पुढील स्नेहभोजनाच्या वेळी, मुलांचे कार्यक्रम झाल्यावर, अर्धा तास या विषयासाठी ठेवला आहे. ज्यांचे आईवडील त्या वेळी भेटीला आलेले असतील त्यांनी त्यांनाही अवश्य घेऊन यावे. त्यांच्याविषयी बोलायचे तर ते त्यांच्यासमोर बोललेले बरे.